पेस्ट करून एंटर मारण्याआधी : काळ्या खिडकीचा थोडा इतिहास

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. घरात कुणी कोडिंग शिकत असेल तर त्यालाही वाचायला द्या.

रस्ते, पाणीपुरवठा आणि नगरपालिका सोडून आज कॉम्प्युटरवर लिहितोय, त्याला कारण आहे. एकेकाळी आपल्याकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट मिळालं की पोरगं कॉम्प्युटर शिकलं असं आपण धरायचो. आता तालुक्याच्या गावातही पायथनचे क्लास निघालेत. बारावी झालेली, डिप्लोमाची, बीसीएची मुलं पहिल्याच आठवड्यात एका काळ्या खिडकीसमोर बसतात. कुणी तिला टर्मिनल म्हणतं, कुणी कमांड प्रॉम्प्ट. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती लुकलुकणारी एक रेघ. गोंधळलेलं पोरगं मोबाइलवर व्हिडिओ लावतं. व्हिडिओतला दादा सांगतो, "ही लाइन कॉपी करा, पेस्ट करा, एंटर मारा. झालं!"

काय झालं, ते मात्र कुणी सांगत नाही.

त्या एका ओळीत केवढी ताकद असते याचा इतिहास पन्नासेक वर्षांचा आहे. मी इंजिनिअर नाही, पण हा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. जाणकार लोक ज्या सवयी सांगतात, म्हणजे हे बघून घ्या, ते जपून वापरा, अमुक तपासा, त्यातली जवळपास प्रत्येक सवय कुणाचं तरी काहीतरी बुडाल्यावर आलेली आहे. घाटात दोन-तीन गाड्या दरीत गेल्यावर 'अपघाती वळण'ची पाटी लागते, तशी. पाटी वाचून पोरं हसतात. खाली कोणती गाडी गेली होती ते सांगितलं तर कदाचित हसणार नाहीत. म्हणून हा सगळा खटाटोप.

सुरुवात १९६९ ची. अमेरिकेत न्यू जर्सीला बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची यंत्रणा बांधायला घेतली. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातलं लिनक्स काय किंवा ॲपलच्या मॅकमधली यंत्रणा काय, सगळी त्याच घराण्यातली. त्या काळात आपल्यासारखे स्क्रीन सर्रास नव्हते. टेलिटाइप असायचे, म्हणजे जुन्या पेपरच्या ऑफिसात खडखडायचे त्या टेलिप्रिंटरची भावंडं. टाइप केलेलं कागदाच्या गुंडाळीवर छापायचं आणि उत्तरही कागदावरच यायचं. त्यातलं गाजलेलं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. असल्या यंत्रापुढे बसलेला माणूस आपोआप कमी बोलायला लागतो. आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या झाल्या. यादी दाखव म्हणजे 'एलएस', नक्कल कर म्हणजे 'सीपी', हलव म्हणजे 'एमव्ही' आणि काढून टाक म्हणजे 'आरएम'. यंत्रानेही कमी बोलायचं. काम झालं तर गप्प राहायचं. "नक्की काढू का?" हे छापायलासुद्धा वेळ जाणार, कागद जाणार.

हा मितभाषीपणा त्यांना परवडत होता. यंत्रणा बांधणारे तेच, वापरणारेही तेच. आपलं तसं नाही. आपल्या बहुतेकांची कॉम्प्युटरशी ओळख विंडोजवर झाली, आणि १९९५ च्या विंडोजमध्ये रिसायकल बिन आला. काढून टाकलेली फाइल कचरापेटीत जाते, पेटीतून परत काढता येते, ही समजूत आपल्या हाडीमाशी भिनली. काळ्या खिडकीत ती पेटी नाही. 'आरएम' म्हटलं की गेलं. त्याला पुढे 'आर' लावला तर फोल्डरच्या आतली सगळी पिलावळ जाते, आणि 'एफ' लावला तर एकाही शब्दाने न विचारता जाते. 'आरएम -आरएफ' ही प्रोग्रामर लोकांच्या विनोदातली सर्वांत बदनाम ओळ, ती याच कारणाने.

तिचा सगळ्यात प्रसिद्ध बळी म्हणजे एक सिनेमा. १९९८ साली पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' चं काम चालू होतं. सगळी पात्रं, सेट, प्रसंग कंपनीच्या सर्व्हरवर. एके दिवशी कुणीतरी चुकीच्या जागी 'आरएम' चालवला. ओरेन जेकब हा तिथला तंत्रज्ञ सहकाऱ्यांबरोबर वुडी या पात्राच्या फाइली बघत होता. बघता बघता वुडीची टोपी नाहीशी झाली, मग बूट, मग अख्खा वुडी. धावत फोन केला, मशीनची वायर उपटून काढा म्हणून सांगितलं. तोवर बहुतेक सिनेमा पुसला गेला होता. बॅकअप आहे की, असं म्हणून सगळ्यांनी निःश्वास टाकला, आणि मग कळलं की बॅकअप काही आठवडे नीट होतच नव्हता. होतोय असं सगळे धरून चालले होते.

वाचवलं कुणी? गॅलिन सुझमन या तांत्रिक विभागातल्या बाईंनी. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून सिनेमाची एक प्रत त्यांच्या घरच्या मशीनवर होती. ते मशीन गोधड्या-ब्लँकेटांत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर, अक्षरशः बाळासारखं ऑफिसला आणलं. (याच बाईंना २०२३ च्या नोकरकपातीत कंपनीने घरी बसवलं. हा मुद्दा विषयाला सोडून आहे, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.) पुढे तो सिनेमा कथेसाठी जवळपास नव्याने करावा लागला आणि १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये लागला, ती वेगळी गोष्ट.

यातून लोक दोन गोष्टी शिकले. एक, बॅकअप 'घेतला' म्हणजे काही नाही; तो परत उघडून बघितला तरच तो बॅकअप. दोन, एक प्रत त्याच इमारतीबाहेर पाहिजे. शिकले म्हणायचं, पण किती? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत, जिथे जगभरातले प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, रात्री उशिरापर्यंत काम करून थकलेल्या एका इंजिनिअरने डेटा पुसायची आज्ञा दिली. त्याला वाटलं आपण दुय्यम मशीनवर आहोत. होता मुख्य मशीनवर. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं. ३०० जीबीच्या आसपासच्या डेटापैकी ४.५ जीबी उरला होता. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या आणि त्यातली एकही त्या रात्री कामाला आली नाही. त्याच इंजिनिअरने सहा तास आधी स्वतःच्या दुसऱ्या कामासाठी सहज म्हणून एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतलं गेलं ते गेलंच. कंपनीचं एक कौतुक करायला हवं. त्यांनी काहीही लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. आपल्याकडची कार्यालयं सर्व्हर बंद पडला की आधी फोन बंद करतात.

त्या रात्रीतून घ्यायची एक साधी सवय आहे. काही पुसण्याआधी मी कुठे आहे हे विचारा. 'पीडब्ल्यूडी' ही आज्ञा कुठल्या फोल्डरमध्ये आहात ते सांगते (आपल्या बांधकाम खात्याशी संबंध नाही), 'होस्टनेम' कुठल्या मशीनवर आहात ते सांगते. आणि 'आरएम' ज्या नावावर चालवायचा, त्याच नावावर आधी 'एलएस' चालवून काय काय दिसतं ते बघा. पाच सेकंदांचं काम आहे.

यात स्वतः टाइप केलेली ओळ तरी आपली असते. दुसऱ्याने लिहिलेली आपण चालवतो तेव्हा? २०११ साली बंबलबी नावाच्या एका लिनक्स प्रोग्रामच्या इन्स्टॉल करणाऱ्या फाइलमध्ये एक स्पेस जास्त पडली. पुसायचा होता 'यूएसआर' फोल्डरच्या आत खोलवर असलेला एक छोटा फोल्डर. 'यूएसआर' नंतर चुकून स्पेस पडली आणि कॉम्प्युटरने वाचलं की दोन वेगळ्या गोष्टी पुसायच्या आहेत, त्यातली पहिली अख्खा 'यूएसआर'. म्हणजे तळघरातली एक जुनी पेटी काढा म्हणायचं होतं, आणि कामगाराने आधी घर पाडलं. ज्यांनी ती आवृत्ती चालवली त्यांच्या मशीनमधले जवळपास सगळे प्रोग्राम गेले. चूक करणाऱ्याची नियत स्वच्छ होती. एका स्पेसबारने घात केला.

२०१५ च्या जानेवारीत तसंच स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरचं झालं. त्यांच्या लिनक्सवरच्या फाइलमध्ये अर्थाने अशी ओळ होती : अमुक फोल्डरच्या आतलं सगळं पुसा. 'अमुक' ची जागा भरायला एक नाव ठेवलं होतं. एकाने आपला फोल्डर दुसरीकडे हलवला, आणि ते नाव रिकामं राहिलं. रिकाम्या जागेनंतर उरली नुसती तिरपी रेघ, म्हणजे कॉम्प्युटरचं मूळ, आणि पुढे एक तारा, म्हणजे 'सगळं'. त्या माणसाच्या मालकीचं सगळं गेलं, जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरचा बॅकअपसुद्धा. आता तुम्ही म्हणाल, मूळच पुसायला निघालेल्याला यंत्रणा अडवत नाही का? लिनक्समध्ये तसा अडसर २००६ च्या सुमारास बसवलेला आहे. पण तो 'मूळ पुस' म्हटल्यावर अडवतो. इथे तारा होता, आणि ताऱ्यामुळे मुळाखालच्या एकेका फोल्डरचं नाव सुटं सुटं पुढे गेलं. पहारेकरी दारात उभा होता, सामान खिडकीतून गेलं.

म्हणून तारा दिसला की हात आखडा. आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा, कायम जोडून ठेवलेली डिस्क त्याच मशीनचा भाग होते.

आता ताकदीचा मुद्दा. युनिक्समध्ये पहिल्यापासून एक सर्वाधिकारी खातं असतं, त्याला 'रूट' म्हणतात. त्याला कुणी अडवत नाही. जुन्या काळी कुणाला एखादं अधिकाराचं काम करायचं असेल तर रूटचा पासवर्डच द्यावा लागायचा. म्हणजे ग्रामपंचायतीचा एक दाखला हवा म्हणून शिपायाकडे कपाटाच्या सगळ्या चाव्या देण्यासारखं. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी यावर तोड काढली. तिचं नाव 'सुडो'. तुम्ही साधेच वापरकर्ते राहायचं, एखाद्या आज्ञेपुढे 'सुडो' लिहायचं, स्वतःचा पासवर्ड द्यायचा, तेवढ्या कामापुरती ताकद मिळणार, आणि कुणी काय केलं याची नोंदही राहणार. पहिल्यांदा 'सुडो' वापरला की अनेक मशीनवर एक छोटं प्रवचन छापून येतं. दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा, आणि ताकद मोठी तशी जबाबदारी मोठी. शेवटचं वाक्य पोरांना स्पायडरमॅनमुळे पाठ असतं, म्हणून ती हसून पुढे जातात. २००४ मध्ये उबुंटू आलं तेव्हा त्यांनी रूटने थेट आत यायचा दरवाजा सुरुवातीपासून बंदच ठेवला आणि सगळ्यांना 'सुडो'ची सवय लावली.

घोळ असा झाला की, थोडक्या कामापुरती ताकद द्यायला काढलेली ही युक्ती पुढे जादूचा मंत्र बनली. काही चाललं नाही की पुढे 'सुडो' लाव. व्हिडिओतला दादाही तेच सांगतो. याचा परिणाम काय होतो ते २०१६ मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी दाखवून दिलं. पायथनसारख्या भाषांसाठी दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे एका सार्वजनिक कोठारातून उतरवून घेता येतात. कोठारात कुणीही आपला तुकडा ठेवू शकतो. त्याने २०० हून जास्त तुकडे ठेवले, आणि त्यांना नावं दिली प्रसिद्ध तुकड्यांची, पण स्पेलिंग चुकवून. आत विष नव्हतं, फक्त "मला इथे चालवलं गेलं" एवढा निरोप परत पाठवायची सोय. काही महिन्यांत १७,००० हून जास्त मशीनवरून निरोप आले. त्यातल्या जवळपास निम्म्या ठिकाणी तो तुकडा सर्वाधिकाऱ्याच्या ताकदीने चालला होता. म्हणजे माणसाने नाव चुकीचं टाइप केलं, आणि वर त्या अनोळखी पाहुण्याला घराची मुख्य चावी दिली.

त्याने थट्टा केली. नंतरच्यांनी धंदा केला. २०१८ मध्ये पायथनच्या कोठारात 'कलरामा' नावाचा तुकडा सापडला. खरा प्रसिद्ध तुकडा अमेरिकन स्पेलिंगचा, 'यू' नसलेला. खोटा ब्रिटिश स्पेलिंगचा, 'यू' असलेला. आता सांगा, आपल्या शाळेत 'कलर' चं स्पेलिंग काय शिकवतात? मास्तरांनी छडी मारून शिकवलेलं बरोबर स्पेलिंग लिहिणाराच इथे फसणार. तो खोटा तुकडा विंडोजवर गुपचूप बसायचा आणि कुणी बिटकॉइन पाठवायला पत्ता कॉपी केला की पेस्ट होताना चोराचा पत्ता टाकायचा.

यावरच्या सवयी दोन. नाव मूळ ठिकाणाहून बघून घ्यायचं, आठवणीने टाइप करायचं नाही. आणि दुसरी जास्त महत्त्वाची : प्रत्येक प्रकल्पाला वेगळी खोली. इयन बिकिंग याने २००७ मध्ये पायथनसाठी अशी खोली करून देणारं 'व्हर्च्युअलएन्व्ह' लिहिलं, आणि २०१२ मध्ये पायथन ३.३ बरोबर 'व्हीएन्व्ह' नावाने तीच सोय पायथनमध्येच आली. त्या खोलीत टाकलेले तुकडे त्या खोलीपुरते. बिघडलं तर खोलीचा फोल्डर काढून टाका, घर शाबूत. चोरापासून ही खोली वाचवत नाही, हे लक्षात असू द्या. विषारी तुकडा तुमच्या खात्याला जे दिसतं ते सगळं बघू शकतो. पण 'सुडो' लावायची गरजच उरत नाही, आणि एका प्रकल्पाने दुसऱ्याचा गळा धरणं थांबतं. लिनक्स स्वतःच्या कामांसाठीही पायथन वापरतं. 'सुडो' लावून त्याच पायथनमध्ये नवे तुकडे कोंबल्याने अनेकांची मशीनं आजवर लंगडी झालीत. शेवटी २०२३ मध्ये डेबियन १२ ने दारच लावून घेतलं. आता तिथे थेट तुकडा टाकायला गेलं की यंत्रणा नकार देते आणि वेगळी खोली करा म्हणून सांगते. हट्टच असेल तर एक पर्याय जोडता येतो, त्याचं नावच मुळी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं ठेवलंय. नावात 'मोड' असा शब्द घालूनही व्हिडिओतले दादा तो पर्याय जोडायला सांगतात, आणि पोरं जोडतात. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. एंटर मारायची घाई, दुसरं काही नाही.

आता त्या कॉपी-पेस्टच्या ओळीकडे. अनेक चांगली, प्रामाणिक सॉफ्टवेअर्स स्वतःच सांगतात की ही एक ओळ पेस्ट करा. ओळीचा अर्थ असतो : इंटरनेटवरच्या अमुक पत्त्यावरून एक फाइल आण आणि वाचत न बसता तशीच चालव. 'कर्ल' ने आणायची, 'बॅश' कडे सोपवायची. मॅकवरचं लोकप्रिय होमब्रू अशाच ओळीने बसतं, त्यामुळे ही पद्धत चोरांचीच आहे असं म्हणता येत नाही. पण आज चांगल्या माणसाच्या हातात असलेला पत्ता उद्या कुणाच्या हातात जाईल?

२०२१ मध्ये कोडकोव्ह कंपनीच्या बाबतीत हेच झालं. त्यांची एक छोटी फाइल हजारो कंपन्यांची मशीनं रोज आपोआप आणून चालवत होती. चोर ३१ जानेवारीच्या सुमारास आत शिरले आणि त्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली. ज्या मशीनवर फाइल चालेल, तिथल्या किल्ल्या-पासवर्ड गोळा करून चोरांच्या पत्त्यावर पाठवायचे. दोन महिने हे चालू होतं. उघडकीस कसं आलं? एका ग्राहकाने फाइलचा ठसा जुळवून बघितला. फाइलमधल्या सगळ्या अक्षरांवर हिशेब करून एक लांबलचक आकडा काढता येतो, त्याला 'चेकसम' म्हणतात. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा पार बदलतो. कंपनीने जाहीर केलेला ठसा एक, उतरवलेल्या फाइलचा दुसरा. १ एप्रिलला त्याने कंपनीला कळवलं. एप्रिल फूल नव्हतं. इतक्या ग्राहकांमध्ये दोन महिन्यांत ठसा जुळवण्याचे कष्ट एकाने घेतले, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

ठसा जुळवायला लिनक्सवर 'शा२५६सम' आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' अशी आज्ञा आहे. आणि ओळ थेट चालवण्याऐवजी आधी फाइल उतरवून घ्यायची, उघडून वाचायची, मग चालवायची. नवशिक्याला सगळं कळणार नाही हे मान्य. पण 'आरएम', 'सुडो', किंवा मधेच कुठलातरी अनोळखी पत्ता दिसला तर सरांना विचारण्याइतकं नक्की कळतं. वाचूनही सगळं सापडत नाही, हेही खरं. युनिक्सच्या त्याच केन थॉम्प्सनने ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात (ते १९८४ मध्ये छापून आलं) दाखवलं होतं की, कोडचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्राममध्येच चोरदरवाजा लपवला, तर मूळ कोड कितीही वाचा, दिसणार नाही. म्हणजे शेवटी कुठेतरी कुणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो. तो कुणावर, हे निदान आपण ठरवलेलं असावं.

किल्ल्यांचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. मुलं आपला कोड गिटहबवर चढवतात, नोकरीसाठी ते लागतंच. कोडमध्येच पासवर्ड किंवा गुप्त किल्ली लिहून ठेवतात आणि तीही चढते. २०१६ मध्ये उबरच्या इंजिनिअरांनी किल्ली कोडमध्ये ठेवली होती, तीही खासगी कप्प्यात. चोरांनी कप्पा उघडला, किल्ली घेतली आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती नेली. कंपनीने १ लाख डॉलर देऊन प्रकरण दाबलं, २०१७ मध्ये ते फुटलं, आणि २०२२ मध्ये त्यांच्या सुरक्षाप्रमुखाला कोर्टाने दोषी ठरवलं. एक बारकावा मुलांना हमखास माहीत नसतो. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिहिलेलं 'गिट' जुनं काही विसरत नाही, तेवढ्यासाठीच ते लिहिलंय. आज किल्ली खोडली तरी कालच्या नोंदीत ती तशीच असते. चढली असेल तर खोडत बसू नका, ती किल्लीच रद्द करून नवी घ्या.

आणि आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली, ते. आतापर्यंतचे बळी कंपन्या आणि जाणकार लोक होते. २०२४ पासून जगभर एक नवा प्रकार सुटलाय, त्याला 'क्लिकफिक्स' म्हणतात. तुम्ही एखाद्या वेबसाइटवर जाता. "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" अशी नेहमीची चौकट येते. खूण केली की पुढच्या सूचना येतात. विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. बस. तुम्ही खूण केली त्याच क्षणी त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. ती तुम्ही स्वतःच्या हाताने पेस्ट करता, स्वतःच्या हाताने चालवता. काळी खिडकी क्षणभर चमकून जाते किंवा दिसतही नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, बँकेचं लॉगिन, सगळं उचलणारा प्रोग्राम आत येतो. असाच एक 'लुमा' नावाचा चोर प्रोग्राम, जो या वाटेनेही पसरवला जात होता, २०२५ च्या मार्च ते मे या दोनच महिन्यांत ३ लाख ९४ हजार विंडोज मशीनमध्ये शिरल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं.

यात कुठलंही कुलूप तोडलेलं नाही. चोरांनी एवढंच ओळखलं की लोकांना न वाचता पेस्ट करून एंटर मारायची सवय लागलेली आहे. ती सवय आपल्या क्लासमध्ये आपणच लावतोय, फी घेऊन.

आपल्याकडे तर घरात कॉम्प्युटर एकच. त्यावर पोरगं पायथन शिकतं, त्यावरच वडिलांचं नेट बँकिंग, आईच्या बचत गटाचा हिशेब, कुठे कुठे सेवा केंद्राचं लॉगिन. बेल लॅब्जमध्ये एका मशीनवर अनेक माणसं बसायची म्हणून प्रत्येकाचं खातं वेगळं असायचं. आपल्या घरात तीच परिस्थिती आहे, पण खातं एकच, आणि तेही सर्वाधिकारी.

तेव्हा आज रात्री एवढं करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स'मध्ये जाऊन मुलासाठी वेगळं खातं उघडा, त्याचा प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा, आणि ॲडमिनच्या खात्याला पासवर्ड लावा, तो मुलाला सांगू नका. काही बसवायचं असेल तर तो तुम्हाला बोलवेल, आणि कुठून आणलं ते तुम्ही विचाराल. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतील तर काढा. कुठलीही ओळ पेस्ट करायची तर आधी नोटपॅडमध्ये करून बघा. जी कॉपी केली तीच आली का, ते तिथे दिसतं. क्लास चालवणाऱ्या मित्रांनो, तुमच्या पहिल्या तासाला हे घेता का, ते मला कळवा. जे घेत असतील त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात आवडीने लिहीन. आणि कुणाच्या खात्यातून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर, तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.